डोकं इंग्लिश, आटे फ्रेंच

चाकणला एका कंपनीत मी गेली सव्वीस वर्षं आटे तपासतो. आटे म्हणजे बोल्टच्या अंगावरून गोल गोल फिरत जाणारी ती बारीक खाच. बोल्ट नटात बसतो तो तिच्यामुळे, आणि अडतो तोही तिच्यामुळेच. आमच्या खोलीत बारा महिने एसी चालू असतो, कारण लोखंडाला उकडलं की ते फुगतं आणि माप चुकतं. माणसांना उकडलं तर कुणाला काही पडलेलं नसतं, ते सोडा. सांगायचं ते एवढंच की आट्यांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला आलं की माझं टाळकं सरकतं. नवीन पोरं म्हणतात, "सर, बघून तर बरोबर वाटतंय." मी म्हणतो, "तुझं वाटणं घरी ठेवून ये राजा, आधी गेज लाव."

असा मी. आणि गेल्या दसऱ्याच्या आधी, अष्टमीला भर दुपारी, माझ्याच हातानं माझ्याच घरच्या गाडीचे आटे मी खाऊन टाकले.

गाडी म्हणजे मॉरिस मायनर. आकुर्डीला प्राधिकरणात आमचं घर आहे, त्याच्या पोर्चमध्ये ती माझ्या आठवणीच्याही आधीपासून उभी आहे. पिस्त्याचा रंग, गोल पाठ, पुढची काच दोन तुकड्यांची. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. तिथले एक साहेब बदली होऊन दूर निघाले, तेव्हा ही त्यांनी बाबांच्या गळ्यात घातली. शेजारी म्हणाले, पांढरा हत्ती घेतलास. बाबा म्हणाले, हत्ती कुठला, कासव आहे.

रविवारी सकाळी बाबा तिचं बॉनेट उघडायचे, आणि मी बाजूला उभा राहून गोष्टी ऐकायचो. इतर पोरांना राजाराणीच्या गोष्टी मिळायच्या, मला विलायती गाड्यांच्या. बॉनेटच्या मधोमध वरून खाली एक उंच पट्टा आहे, त्यावर ते माझं बोट ठेवायचे. "चार इंच. मोज." म्हणे, ही गाडी ज्यानं आखली त्याला ती ऐन वेळी अंगानं बारीक वाटली. मग पठ्ठ्यानं नमुन्याची गाडी नाकापासून शेपटापर्यंत उभी चिरायला लावली. दोन्ही अर्धे हळूहळू लांब सरकवत नेले आणि चार इंचांवर म्हणाला, बास. तोवर बंपर मात्र तयार होऊन पडले होते. मग काय, सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मधोमध कापले आणि तेवढा तुकडा जोडला. रात्री अंथरुणात मला ती दोन अर्ध्यांतली गाडी दिसायची. मधल्या फटीतून धुकं आत यायचं, आणि दोन्ही अर्धे एकमेकांकडे बघत शांत उभे असायचे. मला त्याची भीती वाटत नसे, उलट छान झोप लागायची.

तिच्या इंजिनाला पाण्याचा पंप नाही, हेही मला तेव्हाच कळलं. पाणी तापलं की आपण होऊन वर चढतं, पुढच्या जाळीत गार होतं आणि आपण होऊन खाली येतं. कुणी ढकलायला लागत नाही. वळायचं असलं की दाराच्या खांबातून एक छोटा पिवळा हात बाहेर यायचा. बॅटरीची जोडणीसुद्धा उलटी, सगळं जग ऋण टोक गाडीच्या अंगाला लावतं तर हिचं धन लागतं. बाबा म्हणायचे, इंग्रजांनी आपल्यावर राज्य कसं केलं देव जाणे, त्यांना सरळ काही जमतच नव्हतं. असं म्हणायचे आणि फडक्यानं तिचा दिवा पुसायचे, प्रेमानं.

आई या सगळ्यात कुठं होती? आई डावीकडच्या सीटवर. मांडीवर थर्मास, थर्मासवर हात. आम्ही देहूला जायचो, कधी लोणावळ्याला जायचो, चालवायचे कायम बाबा. खरं तर आईकडे लायसन्स होतं. प्राधिकरणात जेव्हा नुसतेच रस्ते आखलेले होते आणि घरं फारशी उठली नव्हती, तेव्हा बाबांनीच तिला शिकवलं होतं. त्या दिवसांतलं एक चित्र माझ्याकडे आहे. हिवाळ्याची सकाळ, रिकामे प्लॉट, गवतावर धुकं, आणि स्टिअरिंगच्या मोठ्या चाकामागं आई, केसांत अबोली. पुढचं काही आठवत नाही. त्यानंतर ती कधी चालवताना दिसली नाही. बाबांनी शिकवली आणि मग पुरुषासारखा पुरुष, गाडीला हात लावू दिला नाही, असा माझा समज होता. बायकोला मी तसंच सांगितलं होतं, मुलीलाही तसंच सांगितलं. मुलगी मारुंजीला राहते, आयटीत आहे. ती म्हणाली, "बाबा, आजोबा म्हणजे फारच टिपिकल होते हं." मी मान डोलावली.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. गाडी तेव्हापासून कापडाखाली होती. मग श्रावणात आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आई शहात्तरची. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नाही, आतल्या पडद्याचं दुखणं आहे, हळूहळू वाढणार. आई एकदम म्हणाली, "गाडी चालवता येईल का?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरांकडे. ते हसून म्हणाले, "आज येईल आजी. दिवसाउजेडी, हळू. पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही, आणि लायसन्सच्या पुढच्या कागदावर सहीही करणार नाही."

घरी आल्यावर तिनं देव्हाऱ्याखालच्या खणातून लायसन्स काढून माझ्यापुढं ठेवलं. मुदतीत होतं! पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी ती जाऊन नवं करून आणायची. आम्हाला कुणाला पत्ता नाही. यंदा ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संपत होतं.

"मला मायनर एकदा चालवायची आहे," ती म्हणाली. "मोशीला नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं. एवढंच."

"आई, ती चालू तरी होईल का?"

"ते तू बघ. मी चालवायचं बघते."

आमच्याकडे आई फार मागत नाही, पण मागते तेव्हा तहसीलदाराच्या हुकमासारखं मागते. मी कामाला लागलो. दोन महिने रविवार नि रविवार गाडीखाली आडवा. पेट्रोलची टाकी धुतली, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, टायर शोधता शोधता पुणं पालथं घातलं. आणि खरं सांगू का, ते दोन महिने मी सुखात होतो. जुन्या ऑइलचा वास आला की मी आठ वर्षांचा व्हायचो. रेडिएटरच्या जाळीतून संध्याकाळचं ऊन आत पडायचं आणि मी पाना हातात धरून नुसता बसून राहायचो. बायको चहा ठेवून जायची, तो गार व्हायचा. म्हणायची, "गाडी दुरुस्त होतेय का तू तिच्यात राहायला चाललायस?"

अष्टमीला सगळं झालं होतं. एक काम उरलं होतं. इंजिनातलं गरम पाणी वर जिथून निघतं तिथं एक बिडाचा कोपर आहे, तो दोन बोल्टांनी बसतो. त्यातला एक गंजला होता आणि भोकातही गंज. असं असलं की भोकात त्याच मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवायचा, आटे साफ होतात. मी बोल्टच्या डोक्याला पाना लावून पाहिला. जुन्या इंग्लिश मापाचा विटवर्थ पाना अगदी चपखल बसला. म्हणजे गाडी इंग्लिश, पाना इंग्लिश, डोकं इंग्लिश. जाडी मोजली, अडीच सूत. आमच्याकडे टूलरूमवाले अजून सुतातच बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच. बाबांच्या पेटीतला अडीच सुताचा टॅप काढला आणि फिरवला.

पहिल्या दोन फेऱ्यांतच हाताला कळलं होतं. साफ करताना टॅप सळसळ फिरतो, हा कापत होता. पण मी थांबलो नाही. सव्वीस वर्षांचा अनुभव ना! टॅप बाहेर काढला तर त्याच्याबरोबर चकचकीत बीड पिठासारखं बाहेर आलं. बोल्ट घातला तर तो भोकात लटालटा हलायला लागला.

पिच गेज माझ्या शर्टाच्या खिशात होतं, खिशात! दोन आट्यांमधलं अंतर मोजणारी ती पात्यांची छोटी चकती, जी मी पोरांच्या नाकासमोर रोज नाचवतो. आता लावली. इंचाचं एकही पातं बसेना. मग मिलिमीटरचं लावलं, आणि एक मिलिमीटरचं पातं खटकन बसलं.

आई पायरीवर बसून दसऱ्यासाठी पितळी उपकरणी घासत होती. तिनं विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही. तुला नाही कळायचं आट्यांतलं," मी खेकसलो.

ती चिंच लावायची थांबली नाही. "कोपराचा बोल्ट ना? त्याचं डोकं इंग्लिश, आटे फ्रेंच."

मी टॅप खाली ठेवून तिच्याकडे वळलो.

"ज्या कारखान्यात ही इंजिनं व्हायची तो आधी फ्रेंचांचा होता म्हणे. मशिनं फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. पण इंग्लिश मेकॅनिककडे पाने त्यांचे, म्हणून डोकी त्यांच्या मापाची. तुझे बाबा दर वेळी सांगायचे. पाने कोण देत होतं त्यांच्या हातात चाळीस वर्षं? मला विचारायचंस की."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सव्वीस वर्षं आटे तपासतोस, मी काय बोलू!" आणि मग जरा थांबून म्हणाली, "दिव्याखाली अंधार." हसली नाही मात्र. तिचं लक्ष त्या भोकाकडे होतं. "आता नाही होणार का रे?" तिनं विचारलं, आणि तेव्हा तिचा आवाज हुकमासारखा राहिला नव्हता. माझा जीव गलबलला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

उपाय होता. भोक मोठं करायचं आणि त्यात बाहेरून-आतून आटे पाडलेला पितळी बुश, म्हणजे छोटं पोकळ नळकांडं, बसवायचा, आतले आटे त्या फ्रेंच मापाचे. तो लेथवर करून घ्यायला लागणार. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या या पट्ट्यात खंडेनवमीला मशिनं चालत नाहीत, त्यांची पूजा असते. धुऊन-पुसून हळदकुंकू, झेंडूची माळ. एकदा माळ घातली की दसरा होईपर्यंत कुणी स्विचला हात लावत नाही. आणि आदल्या दिवशी दुपारनंतर तर सगळीकडे धुणंच चालू असतं.

भोसरीला बाबांच्या ओळखीचे एक म्हातारे टर्नर आहेत. मूळचे मोशीचे. जमिनी गेल्या, बंगले झाले, तरी हे आपले एका लेथवर शेड धरून आहेत. मी फोन केला. म्हणाले, "न्हाई बा. मशीन धुऊन ठिवलंय. आता त्याला घान करायची न्हाई. दसरा झाला की या." दसरा झाला की म्हणजे लायसन्सचा शेवटचा दिवस, आणि बुश बसवून गाडी जुळेपर्यंत तोही मावळणार.

आईनं हात धुतले, बोल्ट रुमालात बांधला आणि माझ्या स्कूटरवर मागं येऊन बसली. "चल."

शेडमध्ये गेलो तर लेथ खरोखरच नवरीसारखा बसवलेला. चकाकणारा, खाली स्वच्छ गोणपाट अंथरलेलं. म्हातारबुवा आईला बघून उठले. आईनं रुमाल सोडला, बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. डोळ्यांचं, लायसन्सचं, मोशीच्या नदीचं. माझ्या चुकीचंही सांगितलं, तेही न विचारता.

"ताई, पन पूजेला काढलंय मशीन."

"भाऊ, माळ घातली का?"

"माळ उद्या."

"मग आज ते कामावरच आहे की."

म्हातारबुवांनी डोकं खाजवलं, बोल्ट नखानं चाचपला, आणि हसायलाच लागले. "व्हय, हाय कामावर. माळ पडंस्तवर शिफ्ट चालूच म्हनायची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् तू चाकनला आटं तपासतोस व्हय रं? आमच्या गाड्यांचं कसं हुनार राव!" मी खाली मान घालून पितळेचा गज दिला. तासाभरात बुश झाला. आईनं स्वतः पदर खोचून त्यांच्याबरोबर लेथ पुन्हा पुसला.

दसऱ्याची सकाळ. चारी चाकांखाली लिंबं, बॉनेटवरच्या त्या पट्ट्यावर स्वस्तिक, झेंडूचं तोरण. आई सुती साडी नेसून आली, पायांत माझ्या मुलीचे पांढरे बूट. मी डावीकडे बसलो. तिनं चोक ओढला, स्टार्टर ओढला, इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. लिंबं फुटली. आम्ही रस्त्यावर होतो!

आमच्याकडे सुटीच्या सकाळी रस्ता जसा असतो तसा एरवी कधीच नसतो. शिफ्टच्या बस नाहीत, कंटेनर नाहीत. स्पाइन रोड जवळजवळ रिकामा, ऊन तिरपं, दुभाजकावरची झाडं न हलता उभी. गाडी आपल्याच तालात गुणगुणत चालली होती. बाजूनं जाणाऱ्या गाड्यांतली माणसं काच खाली करून हात हलवत होती. पाण्याचा काटा जागेवर, बुश कोरडा. मला वाटलं, हा रस्ता असाच चालत राहावा, मोशी येऊच नये.

पण माझं तोंड गप्प बसेल तर ना! "आई, डावीकडे घे. आई, पुढं खड्डा. आई, क्लच पूर्ण दाब." ती रस्त्यावर नजर ठेवून चालवत राहिली. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय घ्यायचा नाही, हे तिच्या पायाला पाठ होतं. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवायला लागला तर म्हणाली, "जा की मेल्या वरून," आणि वेग तसूभरही वाढवला नाही. केवढी सुंदर चालवत होती! मला आतून भरून आलं, आणि भरून आलं की मी नको ते बोलतो.

"बाबांनी तुला अडवायला नको होतं गं. एवढी वर्षं चालवली असतीस."

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. "बाबांनी? त्यांनी कधी अडवलं? ते तर मागं लागायचे, चालव चालव म्हणून. लायसन्स दर वेळी नवं करायला तेच न्यायचे."

"मग?"

"तू दुसरीत होतास. मी तुला शाळेत सोडायचे, याच गाडीतून. पोरं चिडवायला लागली, तुझ्या बापाला गाडी येत नाही का, आई का चालवते. तू म्हणालास, आई, मला कोपऱ्यावरच उतरव. चार दिवस कोपऱ्यावर उतरवलं. पाचव्या दिवशी तू सीटवरच बसेनास. कुणी बघेल म्हणून खाली चटईवर बसलास, डोकं गुडघ्यांत घालून." तिनं गिअर बदलला. "मग म्हटलं, जाऊ दे. पोर लहान आहे. मोठा झाला की बघू."

मला शाळा आठवेना, ती पोरं आठवेनात. पण रबरी चटईचा तो उष्ण, धुळकट वास आठवला, आणि माझ्या कपाळाला टोचणारा माझाच गुडघा. मी बावन्न वर्षांचा आहे. एवढी वर्षं बाबांच्या नावावर जे खपवत आलो ते माझं होतं, आणि ती हे एकदाही बोलली नव्हती. आजही तक्रारीच्या सुरात बोलली नाही. लाजेनं माझे कान तापले. रडू आलं म्हणायला हरकत नाही.

"आई, पुढं मला उतरव," मी म्हणालो.

"का रे? बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. नदीपर्यंत तू एकटी जाऊन ये."

तिनं गाडी कडेला घेतली. मी उतरलो, दार नीट लावलं. तिनं चष्मा सारखा केला, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि निघाली. पाठमोरी गाडी लहान होत गेली, झेंडूची एक माळ सुटून मागं हलत होती.

शेजारी एक माणूस मोटारसायकल थांबवून बघत उभा होता. नवा सदरा, कपाळाला गंध, गावातलाच असणार. "काय गाडी हाय राव!" तो म्हणाला. "कोन चालवतंय?"

"आई," मी म्हणालो. अगदी हळू, गाडीकडेच बघत.

"आं? कोन?"

"माझी आई!" मी म्हणालो. "माझी आई चालवतीय!" एवढ्या मोठ्यानं की रस्त्यापलीकडच्या बायका आपट्याची पानं निवडायच्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांनाही सांगितलं.